पहिला पगार करताना

आमच्याकडे सहा जण कामाला लागले आणि त्यांचा पहिला पगार करायचे काम माझ्याकडे आले. नेमणूकपत्रावर प्रत्येकाचा महिन्याचा आकडा होताच. त्यातून कर वजा करायचा, उरलेले पैसे खात्यात भरायचे, एवढेच काम असेल असे मी धरून चालले होते. महिना संपायला आठवडा असताना कागद घेऊन बसले आणि पहिल्याच नावापाशी अडकले.

तो 12 तारखेला, शुक्रवारी रुजू झाला होता. महिना 30 दिवसांचा, सोमवारी सुरू झालेला, शनिवार-रविवार सुट्टी. ठरलेला पगार 30,000. कॅलेंडरच्या दिवसांनी मोजले तर 12 ते 30 असे 19 दिवस, म्हणजे 19,000. कामाच्या दिवसांनी मोजले तर महिन्याचे 22 दिवस, त्यातले त्याचे 13, म्हणजे 17,727. एकाच माणसाच्या एकाच महिन्याच्या पगारात 1,273 चा फरक, आणि दोन्ही गणिते बरोबर. त्याला जास्त मिळतात ती पद्धत घ्यावी असे मनात आले. पण 15 तारखेला, सोमवारी रुजू झालेल्या मुलीचा हिशेब केला तर नेमके उलटे निघाले. तिचाही पगार तेवढाच. कॅलेंडरने 16,000 आणि कामाच्या दिवसांनी 16,364. माणूस बघून पद्धत बदलली असती तर दोघे आपापसांत बोलतील त्या दिवशी त्यांना काय सांगणार होते?

कायद्याने किंवा करारात पद्धत ठरवून दिली आहे का, ते आधी पाहायचे असते, ते पाहिले. मग कॅलेंडरचे दिवस धरायचे ठरवले. बिनपगारी रजेलाही तोच हिशेब. यात 28 दिवसांच्या महिन्यातली एक रजा 31 दिवसांच्या महिन्यातल्या रजेपेक्षा महाग पडते, तेही स्पष्ट लिहिले आणि तो कागद सहाही जणांना पाठवला. पुढे त्यावर ओळी वाढत गेल्या. हजेरी 22 तारखेपर्यंतची धरायची, त्यानंतरचा ओव्हरटाइम पुढच्या महिन्यात. कोणती कपात कर मोजण्याआधी करायची आणि कोणती नंतर; कारण हा क्रम चुकला की कराचा आकडाच बदलतो. पगाराचे सॉफ्टवेअर बेरीज-वजाबाकी बिनचूक करते, पण हे निर्णय ते आपल्यालाच विचारते. उत्तरे तयार नसतील तर माणूस समोर दिसेल तो पर्याय निवडून पुढे जातो, आणि तो पर्याय सहा घरांच्या पगाराला लागू होतो.

कपातीच्या पैशांचे मला फार वाटले. पगार झाल्यावरही आमच्या खात्यात बरी शिल्लक दिसत होती. ती आमची नव्हतीच. त्यात सहा जणांचा कापलेला कर होता, भविष्य निर्वाह निधीची वर्गणी होती. भरण्याची तारीख पुढे होती आणि मध्ये एक बिल चुकते करायचे होते. त्या शिल्लकीला हात लावायचा मोह किती सहज होतो, ते तेव्हा कळले. मी त्याच दिवशी वेगळे खाते सुरू करून ती रक्कम तिकडे वळवली. वर्गणीत आमचा वाटाही घालायचा होता, तो नेमणूकपत्रावरच्या आकड्याच्या वरचा खर्च. माझ्या भागीदाराने वर्षाचा अंदाज बांधताना तो धरलाच नव्हता. तो अंदाज पुन्हा करावा लागला.

प्रत्यक्ष पगाराआधी एक रंगीत तालीम केली. हातात पडणारी रक्कम अधिक सगळ्या कपाती बरोबर एकूण पगार, हा ताळा एका रुपयाने चुकत होता. अर्धा तास शोधल्यावर कळले की तक्त्यात आकडे पूर्णांकात दिसत होते, पण आत दशांश तसेच होते. प्रत्येक ओळ खरोखर पूर्णांकात आणली आणि ताळा जमला.

तरी पगाराच्या दिवशी पाच जणांचेच पैसे पोचले. संध्याकाळी सहावा सहकारी टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, माझा पगार अजून दिसत नाही.” त्याचा खाते क्रमांक शून्याने सुरू होत होता. स्प्रेडशीटने त्याला साधी संख्या समजून पुढचे शून्य गाळले होते, आणि बँकेने रक्कम परत पाठवली होती. त्याचा पगार दुसऱ्या दिवशी झाला. त्याने तक्रार केली नाही, पण त्या रात्री त्याचा कुठला हप्ता तर चुकला नसेल ना, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. 16 आकडी क्रमांक असता तर आणखी वाईट. 15 आकड्यांपुढचा आकडा शून्य होऊन बसतो, आणि तो क्रमांक दुसऱ्याच कुणाच्या खात्याचा असू शकतो. आता तो रकाना आधी ‘मजकूर’ करून घेते, मगच क्रमांक भरते. बँकेत फाइल चढवण्याआधी एक जण मूळ कागदावरून क्रमांक मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावर बोट ठेवून जुळवतो. सहा नावांना चार मिनिटे लागतात.

पगारपत्रक देताना मी तीन छोट्या कपाती ‘इतर’ या एका ओळीत टाकल्या होत्या. 15 तारखेला रुजू झालेल्या मुलीने विचारले, “इतर म्हणजे काय काय, मॅडम?” मला कागद काढून पाहावे लागले. तिचे विचारणे रास्तच होते. दुसऱ्या महिन्यापासून प्रत्येक कपातीला तिची ओळ आणि तिचे नाव दिले.

दुसरा पगार ठरल्या दिवशी सहाही खात्यांत पोचला. कराचा आणि वर्गणीचा भरणा केल्यावर कपातीचे खाते शून्यावर आले. पावत्या लावत होते तेवढ्यात त्याच मुलीचा निरोप आला: “या वेळी सगळ्या ओळी कळल्या. फक्त ‘मागील महिन्याचा फरक’ कसला?” 22 तारखेनंतर ती दोन संध्याकाळी थांबली होती, त्याचा तो ओव्हरटाइम होता. तिला त्या कागदातली तेवढी ओळ आणि दोन्ही तारखा लिहून पाठवल्या.