पोत्यातल्या मोटारी

फ्रीजदुरुस्तीचं काम आम्ही सुरू केलं तेव्हा फ्रीजमधला गार हवा खेळवणारा पंखा बंद पडला की त्याची मोटर बदलायची आणि जुनी कोपऱ्यातल्या पोत्यात टाकायची. पोतं भरलं की भंगारात. मोटर का थांबली हे बघायला वेळ नाही, असं आम्ही म्हणत असू. खरं तर ती चालते कशी, हेच आम्हाला धड माहीत नव्हतं.

एकदा कामं मंदावली होती, तेव्हा ते पोतं टेबलावर रिकामं केलं. पहिल्याच मोटारीला मल्टीमीटर लावला तर कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, शाबूत, पण शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, बोटांनी फिरेना. स्क्रू सोडून रोटर, म्हणजे दांड्यासकट फिरणारा भाग, बाहेर काढला. शाफ्टवर काळपट, चिकट थर बसला होता आणि शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशाभोवतीचा, तेल धरून ठेवणारा नमदा वाळून कडक झाला होता. थर पुसला, नमद्यात शिलाई मशीनचं तेल मुरू दिलं, मोटर पुन्हा जोडली. ती आवाज न करता फिरायला लागली. पोत्यातल्या बहुतेक मोटारी अशाच निघाल्या, जळलेल्या नव्हेत, सुकलेल्या. आमच्या धंद्याची दिशा त्या टेबलावर बदलली.

मग आम्ही मोटर समजून घ्यायला बसलो. कॉइलमुळे चुंबक बनणाऱ्या लोखंडी टोकाला पोल म्हणतात; त्याच्या एका कडेला तांब्याचं जाड कडं असतं. त्यात प्रवाह निर्माण होतो, तिथलं चुंबकत्व किंचित मागे पडतं आणि चुंबकीय क्षेत्र कड्याकडे सरकत राहतं. रोटर त्याच्यामागे फिरतो. त्यामुळे या मोटारीला कपॅसिटर लागत नाही आणि वायरी अदलाबदल करून तिची दिशाही बदलत नाही. दिशा उलटी हवी तर रोटर काढून दुसऱ्या बाजूने बसवावा लागतो. हे कळण्याआधी, सोल्डरिंगचा धूर ओढणारी पहिली पेटी करताना, आम्ही वायरी उलटसुलट लावत अर्धा दिवस घालवला होता.

दोन पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आतच राहते. जोर बेताचा, आणि बरीचशी वीज उष्णतेत जाते. पंख्याच्या वाऱ्यानेच ती थंड राहते, म्हणून पातं काढून बंद डब्यात आम्ही ती कधीच बसवत नाही.

इन्व्हर्टर फ्रीज, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा फ्रीज; त्यातल्या पंख्याची मोटर वेगळी. ती डीसीवर चालते, बहुधा १२ व्होल्टवर, आणि तिच्या आतच सर्किट असतं. तीन-चार वायरींपैकी एक वेग कळवणारी असते. अशी एक चांगली मोटर उलटी जोडून आम्ही क्षणात घालवली. त्या दिवसापासून लेबल वाचल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही, हा इथला नियम आहे.

आज या मोटारींवर धूर ओढायच्या पेट्या आणि धुतलेले सर्किट बोर्ड वाळवायची कपाटं आम्ही बनवतो. गिऱ्हाइकाच्या फ्रीजमध्ये मात्र नवीच मोटर जाते. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास तेल घट्ट होतं, आणि तिथला पंखा थांबला तर खालच्या कप्प्यात गारवा पोचत नाही. ती जोखीम आम्ही दुसऱ्याच्या घरात ठेवणार नाही.

जुनी मोटर पेटीत जाण्याआधी मेगर नावाचं मीटर लावून इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेरच्या पत्र्यात झिरपत नाही ना, हे तपासतो, मग ती रात्रभर टेबलावर चालते. सकाळी स्क्रू ड्रायव्हरचं टोक बुशाजवळच्या पत्र्यावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि ऐकायचं. सलग गुणगुण आली तर मोटर पेटीकडे. मधूनच खरखर आली तर ती पुन्हा उघडायची.