वॉर्ड पाडायचा होता, पण 22 पलंग न्यायचे कुठे?

आमच्या वृद्धाश्रमाच्या आवारात मागच्या बाजूला शुश्रूषा विभाग आहे. हे नाव फक्त कागदावर, बाकी सगळे त्याला ‘मागचा वॉर्ड’ म्हणतात. पुढच्या खोल्यांतले आजी-आजोबा तिकडे बघायचंही टाळतात, कारण मागे गेलेलं माणूस सहसा पुढे परत येत नाही. बँकेतून निवृत्त होऊन मी संस्थेचा सचिव झालो तेव्हा तिथे अंथरुणाला खिळलेले 22 जण होते आणि छताचे पोपडे त्यांच्या मच्छरदाण्यांवर पडत होते.

स्ट्रक्चरल ऑडिटला आलेल्या इंजिनिअरने बाथरूमच्या छताचा गिलावा नुसता खरवडला, तर सळईचे पापुद्रे हातात आले. वरची टाकी वर्षानुवर्षं झिरपत होती. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते, त्यामुळे वरून कितीही लिंपलं तरी उपयोग नाही. जोत्याजवळच्या तिरप्या भेगांचं कारण तर नागपुरात कोणालाही ठाऊक असतं: काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते.

पाडायचं ठरलं. पैसे निम्मे देणगीतून, निम्मे कर्जाने. सार्वजनिक न्यासाला कर्ज काढायचं तर महाराष्ट्राच्या 1950च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 36-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. अर्ज करायला गेलो आणि कळलं की आमच्या शेड्यूल एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, दोन दिवंगत विश्वस्त अजून हयात आहेत. विश्वस्त बदलल्याचे अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, कोणी दाखलच केले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत चुका काढल्या, आता वकिलाच्या टेबलासमोर मी मान खाली घालून बसलो होतो. तुमची संस्था असेल तर आर्किटेक्ट शोधायच्या आधी शेड्यूल एक काढून बघा.

मग खरा प्रश्न आला. बांधकाम होईपर्यंत या 22 जणांना ठेवायचं कुठे? जेवणाच्या हॉलमध्ये 14 पलंग बसत होते. उरलेले आठ जण पुढच्या इमारतीत तळमजल्यावर. त्यावर पुढच्यांनी सह्यांचं पत्र दिलं: वास येतो, रात्री कण्हण्याचा आवाज येतो, झोप लागत नाही. राग आला, पण त्यांच्या भीतीचं काय करणार? पलंग हलवलेच. पंगत व्हरांड्यात गेली, आणि सहीवाल्यांपैकी दोघांनी शेवटपर्यंत थाळी खोलीतच मागवली.

आर्किटेक्टचा नकाशा देखणा होता. तो मी आमच्या मावशींना दाखवला. वॉर्डात काम करून त्यांना 19 वर्षं झाली. त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही कागद पाहून राहिले जी. आम्ही गाडी लोटून राहिलो.” त्यांचं म्हणणं खरं होतं. जुन्या बाथरूमचं दार सव्वादोन फुटी. व्हीलचेअर जायची, पण बसलेल्याची बोटं चौकटीला सोलवटायची. दीड फूट उंच जोत्याला रॅम्प जेमतेम सहा फुटांचा, त्यामुळे मावशी लांबून धावत येऊन खुर्ची वर चढवायच्या. नियमाचा उतार एकास बारा, म्हणजे तिथे 18 फूट हवेत.

मग आम्ही अंगणात खडूने आणि विटांनी नवं बाथरूम आखलं आणि आर्किटेक्टना व्हीलचेअरवर बसवलं. दार तीन फुटांचं होतं, तिथून आत शिरले, पण आत गेल्यावर खुर्ची वळेना. पाच फुटांचं वर्तुळ मोकळं लागतं, तिथे वॉशबेसिन आलं होतं. ते हललं. पलंगांमधलं अंतरही वाढलं, कारण दर दोन तासांनी कूस बदलायला दोन्ही बाजूंना माणसाला उभं राहावं लागतं. नाहीतर पाठीला जखमा होतात. खिडकीचा कट्टा दोन फुटांवर आला, झोपल्या झोपल्या फाटक दिसावं म्हणून. नकाशात एसी होते आणि कूलरला जागाच नव्हती. 2013च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता, तरी वॉर्डभर एसीचं बिल संस्थेला झेपणार नाही. प्रत्येक खोलीत कूलरची खिडकी घ्यायला लावली, आणि समोर दमट हवा बाहेर जायला वाट.

स्लॅब नेमका नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत आला. ठेकेदाराला दुपारीच उरकायचं होतं. आम्ही अडून बसलो आणि संध्याकाळनंतर ओतायला लावलं. पुढचे पंधरा दिवस गोणपाट ओलं ठेवायचं काम माझं. दोनदा वाळलं, दोन्ही वेळा टँकर आलाच नव्हता.

हलवलेल्या 22 जणांपैकी 17 जण नव्या वॉर्डात आले. पाच जणांचा शेवट जेवणाच्या हॉलमध्येच झाला. त्यांतल्या एका आजोबांना अंगणातले खडूचे पट्टे बघायला नेलं होतं, “माझा पलंग कोणता?” असं त्यांनी विचारलं होतं.

नव्या वॉर्डातही एक चूक राहिलीच. बाथरूममधली बेल चार फुटांवर लागली. पडलेल्या माणसाचा हात तिथे कसा पोचणार? इलेक्ट्रिशियन दोरी ओढायचा स्विच बसवायला पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, आणि तोवर चार दिवस त्याचा फोन लागेना. शेवटी मावशींनी स्वतःच बाजारातून तसा स्विच आणवला, शेजारच्या पोराकडून बसवून घेतला आणि त्याला परकराची नाडी बांधून टोक फरशीपर्यंत सोडलं. नाडी अजून तीच आहे. महिन्याला धुतात.