पापुद्र्याची उलटी बाजू

टेप ओढली आणि तिच्याबरोबर हातभर रंग सोलून आला. दाराच्या चौकटीला लावलेली कागदी टेप ताई अगदी सावकाश, तिरकी धरून ओढत होत्या, म्हणजे हाताची चूक काहीच नव्हती. तरी चौकटीपासून भिंतीवर वीतभर आतपर्यंत रंगाचा एकसंध पापुद्रा सुटला आणि केळीच्या पानासारखा लोंबकळत राहिला.

डोंबिवली पूर्वेला १९८२ सालची इमारत, दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. दिवाळीत घर ताब्यात आलं होतं. कर्जाचा हप्ता सुरू झालेला, त्यामुळे जमेल तेवढं काम आपल्याच हातांनी करायचं असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. त्या रविवारी मला बोलावलं होतं ते न्हाणीघराच्या भिंतीची ओल बघायला. हॉलच्या रंगाचा दुसरा हात आदल्या दिवशीच मारून झाला होता.

"दादा, रंगच खराब निघाला का?" साहेबांनी विचारलं.

अशा वेळी आधी डबा बघायचा नसतो, सुटलेला पापुद्रा उलटा करून बघायचा. भिंतीचा कोणता थर सुटला ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. पाठ पांढरी, गुळगुळीत आणि कोरडी असेल तर रंग पुट्टीवरून सुटला. याचा अर्थ बहुधा घासाईची धूळ पुसली नव्हती किंवा प्रायमर राहिला होता. पाठीला वाळूचे कण असतील तर गिलावाच भुसभुशीत झाला आहे. पांढरी भुकटी बोटाला लागली तर खाली चुन्याचे हात आहेत. या पापुद्र्याच्या पाठीवर गुलाबी पूड होती. बोट फिरवलं की पावडर लावल्यासारखं बोट गुलाबी होत होतं. म्हणजे खाली जुना ड्राय डिस्टेंपर, खडूची पूड आणि सरस यांचा. त्या काळच्या घरांत तो सर्रास मारत. चाळीस वर्षांत सरसाची ताकद जाते आणि भिंतीवर उरते नुसती पूड.

पापुद्रा जाडजूड होता, कारण त्यात रंग, प्रायमर आणि पुट्टी तिन्ही एकमेकांना घट्ट धरून होते. नवीन माल उत्तम चिकटला होता, पण पुडीला. पुट्टी आणि रंग सुकताना थोडे आक्रसतात आणि खालच्या थराला ओढतात. खाली पक्का गिलावा असेल तर तो ही ओढ सोसतो, पूड सोसत नाही. शिवाय ओल्या पुट्टीनं उरलासुरला सरसही भिजवला. टेप लावली नसती तर हीच भिंत पावसाळ्यात आपोआप फुगली असती.

त्यांनी केलं काय होतं, तर कोरडा पॉलिश पेपर फिरवून भिंत हाताला गुळगुळीत केली आणि त्यावर पुट्टी ओढली. बहुतेक जण हेच करतात. गुळगुळीत भिंत पक्की असेलच असं नाही, आणि ते ओळखायला दहा मिनिटं पुरतात. तळहात भिंतीवर जोरानं फिरवा. मग ओला स्पंज घेऊन एकाच जागी वीस-पंचवीस वेळा घासा. स्पंज रंगला तर तो थर काढावाच लागतो. स्पंज कोरा राहिला तर ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, पंचवीस चौकोन होतील. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चार-पाचपेक्षा जास्त चौकोन पट्टीबरोबर आले तर त्यावर काही चढवू नका. ही चाचणी प्रत्येक भिंतीवर, वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्यावी. या हॉलच्या चार भिंतींपैकी खिडकीची भिंत पक्की निघाली. तिला पूर्वी कधीतरी ऑइलपेंट मारलेला होता. बाकीच्या तीन भिंती उतरवायच्या ठरलं.

ताईंचा चेहरा पडला. आठ दिवसांची मेहनत होती. पण पापुद्रा सुटतोच आहे तर तो सोलणं सोपं, त्यामुळे निम्मा माल तासाभरात हातानंच निघाला. खरं काम त्याखालच्या गुलाबी थराचं.

तो कोरडा खरवडू नये. घर पुडीनं भरतं आणि थर पूर्ण निघतही नाही. आधी मेन स्विच बंद केला, स्विचबोर्डांच्या प्लेटा काढून बोर्डांवर प्लास्टिक बांधलं. बागेचा फवारा घेतला, त्यात कोमट पाणी. एका वेळी साधारण चार फूट बाय चार फूट एवढीच जागा भिजवायची, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा एक फवारा आणि मग खरवडायचा चार इंची पत्रा अगदी निजता धरून खालून वर ढकलायचा. पत्रा उभा धरला की गिलाव्यात खड्डे पडतात आणि ते भरायला पुट्टी दुप्पट जाते. थर ओल्या साबणासारखा गोळा होऊन पत्र्यावर येतो. पत्रा स्वस्तात मिळतो, पण त्याचे कोपरे आधी कानसीनं थोडे गोल करून घ्यावेत. निघालेला चिखल न्हाणीच्या जाळीत लोटायचा नाही, आत जाऊन खडूचा गोळा होतो आणि जाळीखालचा ट्रॅप तुंबतो. तो गोणीत भरायचा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी दोन भिंती उतरवल्या आणि तीन गोण्या खाली नेल्या. शेवटी स्वच्छ पाण्याच्या स्पंजनं दोनदा पुसायचं, दुसऱ्या वेळी बादलीतलं पाणी रंगू नये.

भिंत उघडी पडली की बोटाच्या पेरानं सगळीकडे ठोकून बघावं. दोन ठिकाणी आवाज बद्द आला. म्हणजे गिलावा विटेपासून सुटला होता. तेवढा भाग छिन्नीनं चौकोनी कापून काढला. गोलसर किंवा वेडावाकडा काढला की कडा पातळ राहतात आणि तिथंच पुन्हा चीर येते. वीट भरपूर भिजवून एकास चार सिमेंट-वाळूचा माल दोन थरांत भरला, गवंड्याच्या लाकडी रंध्यानं सपाट केला आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. बीम आणि वीट जिथं भेटतात तिथली आडवी चीर नुसती पुट्टीनं भरू नये. सिमेंट काँक्रीट आणि वीट ऊन-थंडीत वेगवेगळं हलतात, चीर वर्षात परत दिसते. ती खाच करून रुंद करायची, भरायची आणि वर चार इंच रुंदीची फायबरची जाळी पुट्टीत दाबून बसवायची.

मालाचा हिशोब आधीच करून ठेवला की फेऱ्या वाचतात. हॉल पंधरा फूट बाय दहा, उंची साडेनऊ फूट, म्हणजे भिंती पावणेपाचशे चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता चारशे. किलोला किती भिंत होते याचा पुट्टीच्या गोणीवर लिहिलेला आकडा नव्या, सपाट भिंतीचा असतो. जुन्या भिंतीला दोन हातांसाठी किलोला दहा-बारा चौरस फूट धरा, म्हणजे वीस किलोच्या दोन गोण्या. किलोला साधारण ३६० ते ३८० मिलिलिटर पाणी लागतं. पाणी आधी, पावडर नंतर, नाहीतर तळाशी गाठी राहतात. एका वेळी दोन किलोच कालवा, कारण अडीच-तीन तासांत माल आवळतो आणि त्यात पुन्हा पाणी घालून सैल केलेली पुट्टी सुकल्यावर पीठ सोडते. व्हाइट सिमेंटची पुट्टी ओढण्याआधी भिंत ओलसर करायची, नाहीतर कोरडा गिलावा तिच्यातलं पाणी शोषतो. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत ठेवा. मोठे खड्डे आधी सिमेंटनं भरून घ्या, पुट्टीवर भागवू नका. मग घासाई, धूळ ओल्या फडक्यानं पुसणं, प्रायमर चार लिटर आणि रंगाचे दोन हात. रंगाचा चार लिटरचा एक डबा या हॉलला पुरला.

उतरवलेल्या भिंतीच्या एका कोपऱ्यात चुन्याची पूड कितीही पुसली तरी हाताला लागतच होती. तिथं पाण्याचा प्रायमर पुडीवर नुसता साय धरून बसला असता. तेवढ्या जागेला टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला ऑइल प्रायमर मारला, तो पुडीत मुरून तिला बांधतो. त्यावर सिमेंटची पुट्टी धरत नाही, म्हणून तिथं अ‍ॅक्रिलिक पुट्टी वापरली. ही युक्ती जुन्या, कोरड्या भिंतीचीच. नव्या किंवा ओल्या गिलाव्यावर ऑइल प्रायमर मारला तर सिमेंट-चुन्याचा क्षार तेलाचा साबण करून टाकतो आणि सगळं चिकट होऊन सुटतं.

खिडक्यांची तावदानं सागवानी होती, वर ऑइलपेंटचे पाच-सहा हात. साहेबांनी खरवडायला हीटगन, म्हणजे रंग तापवून मऊ करायचं यंत्र, भाड्यानं आणायचं ठरवलं होतं, ती नको म्हणून सांगितलं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि लाल ऑइलपेंटात, शिसं असू शकतं. कोरडी घासाई केली की ते धुळीत जातं, फार तापवलं की धुरात, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, तोंडाला एन-९५ मास्क, खाली प्लास्टिक आणि घरातली मुलं दोन दिवस मामाकडे, एवढं पाळलंच पाहिजे. झाडू मारायचा नाही, सगळं ओल्या फडक्यानं टिपायचं आणि ती फडकी फेकून द्यायची. लाकूड पूर्ण उघडं करायची गरज नाही. जिथं रंग पक्का आहे तिथं तो फक्त खरखरीत करून वर नवीन हात मारावा.

फरशी मोझॅकची, मळकट पण कुठंही न फुटलेली. ती अ‍ॅसिडनं धुवा असा सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता आणि बाटलीही आणून ठेवली होती. मोझॅकमध्ये संगमरवराच्या खड्या सिमेंटमध्ये बसवलेल्या असतात. अ‍ॅसिड दोन्ही खातं, चमक कायमची जाते आणि फरशीला बारीक भोकं पडतात. शहाबादीचंही तेच, तो चुनखडीचाच दगड. खात्री करायची तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा, पांढरट डाग उठतो. मी तसा डाग पलंगाखाली येणाऱ्या जागी करून दाखवला आणि बाटली परत गेली. पॉलिशचं मशीन एका दिवसासाठी बोलावलं, आधी जाड दगड, मग बारीक. नव्या टाइल्सच्या खर्चाच्या मानानं ते अगदी थोडक्यात झालं. पॉलिशचं चिखलपाणी भिंतीवर फूटभर उडतं, म्हणून ते प्रायमरनंतर आणि रंगाच्या हातांआधी उरकलं.

स्वयंपाकघरातल्या कपाटांना नुसत्या नव्या मुठी बसवायच्या होत्या, तिथंही एक अडचण आली. जुन्या मुठींच्या दोन भोकांतलं अंतर चार इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर. बाजारातल्या नव्या मुठी ९६ किंवा १२८च्या. ९६ची मूठ साडेपाच मिलिमीटरनं चुकते, आणि भोक रुंद करून ढकलली तर महिन्यात हलायला लागते. एक भोक फेव्हिकॉल आणि लाकडी काड्यांनी ठासून भरलं, एक दिवस वाळू दिलं आणि नवं भोक पाडलं.

आता ज्यासाठी मला बोलावलं होतं ती भिंत. न्हाणीघराच्या पाठीमागे, बेडरूमच्या बाजूनं, जमिनीपासून दीड फुटापर्यंत ओल आणि त्यावर कापसासारखे क्षार. आधीच्या मालकांनी आतून वॉटरप्रूफ रंग मारून ती झाकली होती आणि त्याला पाण्याचे फोड आले होते. भिंतीतलं पाणी बाहेर यायची वाट बंद केली की ते वर चढतं. न्हाणीघर चार दिवस बंद ठेवून बघितलं तर ओल कमी झाली, म्हणजे पाणी तिथूनच येत होतं. नळ्या ठीक होत्या. न्हाणीच्या ट्रॅपच्या भोवतीचा सांधा आणि खालच्या दोन ओळींच्या टाइल्समधलं ग्राउट, म्हणजे फटींतला भराव, पोकळ झालं होतं. ते खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं. ते काम त्यांना जमलं, फक्त मिश्रण अर्ध्या तासात संपवायचं आणि टाइलवरचा पुसट थर लगेच पुसायचा.

बेडरूमच्या बाजूनं गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढला. क्षार कोरड्या ब्रशनं झाडून उचलले, पाण्यानं धुतले असते तर ते विरघळून पुन्हा भिंतीत गेले असते. वीट तशीच उघडी ठेवली, कपाट तिच्यापासून तीन इंच पुढे ओढलं. उघड्या विटेवर ओलीच्या काठानं पेन्सिलीची रेघ मारून शेजारी तारीख लिहिली, आणि दर रविवारी नवी रेघ मारायला ताईंना सांगितलं.

हॉलचा दुसरा हात सुकल्यावर तीन आठवड्यांनी गेलो. चौकटीची टेप ताईंनी माझ्यासाठी राखून ठेवली होती. ओढली, कोरी निघाली. बेडरूमच्या विटेवर तीन रेघा होत्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा खाली, सगळ्यात खालची पहिलीपासून चार बोटं. गिलावा मार्चपर्यंत लावायचा नाही असं ठरवून मी निघालो.