निवृत्तीनंतर कुठे राहायचं? भर पावसात पाहिलेली वाई, सातारा, कोल्हापूर आणि दापोली

ठाण्यातून बाहेर पडून लहान गावात राहायला जायचं, हे आमचं बरीच वर्षं ठरलेलं होतं. गाव मात्र ठरत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत पाहिलेलं कुठलंही गाव छानच वाटतं. म्हणून यावेळी भर पावसात निघालो आणि गाडी मुद्दाम घरी ठेवली. पंच्याहत्तरीत आम्ही काही घाटात गाडी चालवणार नाही. मग तेव्हा ज्याने फिरावं लागेल त्यानेच आता फिरून बघू, असं ठरवलं. एसटी, रेल्वे, रिक्षा आणि बाकी पायी.

निघण्याआधी आम्ही दोघं एका गोष्टीवर स्पष्ट बोललो. आमच्यापैकी एकजण आधी जाणार. मागे राहील त्याला त्या गावात एकट्याने राहता आलं पाहिजे. हे बोलणं जड जातं, पण जागा बघायला जाण्यापूर्वी प्रत्येक जोडप्याने ते बोलावंच, असं मला मनापासून वाटतं. ते एकदा बोललं की बंगला, बाग आणि डोंगराचा देखावा मागे पडतात आणि औषधाचं दुकान पुढे येतं.

पहिला मुक्काम वाई. स्वारगेटहून थेट एसटी मिळते. महामार्गावरून सुरूर फाट्याला वळलं की लगेचच गाव येतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तिथून जेमतेम तीसेक किलोमीटरवर असलेल्या वाईत त्याचा लहानसा हिस्साच पडतो. त्यामुळे जुलैतही सकाळ-संध्याकाळ आम्हाला कृष्णेच्या घाटावर फिरता आलं. ढोल्या गणपती, बाजार, एसटी स्टँड, बँका हे सगळं पायी होण्याजोगं आहे. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून चाललं, तिथे वाचनाची आवड अजून दिसते. टिळक ग्रंथालयात वर्तमानपत्रं वाचत बसलेली मंडळी आम्हाला लगेच जागा करून देऊन बोलायला लागली. एकट्या माणसाला रोज संध्याकाळी जाऊन बसायला अशी जागा लागते.

अडचण दवाखान्याची. ग्रामीण रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टरही चांगले आहेत. पण हृदयविकार किंवा अर्धांगवायूसारखं मोठं काही झालं तर सातारा नाहीतर पुणे गाठायचं. सातारा पस्तीसेक किलोमीटर, पुणे नव्वदच्या घरात. दोघं असताना हे जमतं. एकटं असताना मध्यरात्री गाडी कोण बोलावणार? शेजार घट्ट असेल तर वाई उत्तम, हे माझं मत. नसेल तर थांबून विचार करा. नदीकाठच्या जुन्या वाड्यांतल्या जागांचा मोह होतो, पण त्यांचे जिने उंच आणि अंधारे असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या बघूसुद्धा नयेत.

साताऱ्याने आम्हाला खरं गुंतवलं. डोंगराच्या पायथ्याचं हे शहर चढउताराचं आहे. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चालत गेल्यावर मला दोनदा थांबावं लागलं. जुन्या पेठांमध्ये, मंगळवार, शनिवार, गुरुवार, माणसांची वर्दळ आणि मोती चौकातला बाजार असला तरी चढ रोजचा आहे. सदरबझार त्या मानाने सपाट. जिल्हा रुग्णालय तिथेच, एसटी स्टँड रिक्षाने काही मिनिटांवर. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आता सुरू झालं आहे. मोठ्या उपचारांसाठी जावं लागलं तर कऱ्हाड पन्नासेक किलोमीटर, पुणे एकशेदहाच्या आसपास, आणि दोन्हीकडे घाट-वळणांच्या आडवाटेने नाही, तर महामार्गाने जायचं. आमच्या हिशेबात हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची ठरली. रेल्वे स्टेशन माहुलीला, शहरापासून पाच-सहा किलोमीटर लांब आहे. कोयना आणि महालक्ष्मी एक्सप्रेसने थेट मुंबईला येता येतं, मात्र रात्रीच्या गाडीसाठी रिक्षा आधीच सांगून ठेवा.

सदरबझारमध्ये आम्ही एक पाहणी केली, ती सगळ्यांनी करावी. संध्याकाळी सात वाजता, पाऊस चालू असताना, भाड्याने मिळू शकणाऱ्या एका इमारतीपासून औषधाच्या दुकानापर्यंत चालत गेलो. पदपथ कुठे तुटला आहे, दिवे कुठे नाहीत, कुत्री कुठे बसतात, हे दिवसा गाडीतून कळत नाही. दुकानदाराला विचारलं, औषध घरपोच देता का? देतो म्हणाला. १०८ ची रुग्णवाहिका कुठे उभी असते, रात्री कुठल्या रुग्णालयात सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफी होते, डायलिसिस कुठे आहे, हे प्रश्न आम्ही रिक्षावाल्यांना आणि नर्सबाईंना विचारले. जागा दाखवणाऱ्या एजंटपेक्षा त्यांची उत्तरं जास्त कामाची होती. तुमचा मेडिक्लेम तिथल्या कुठल्या रुग्णालयात कॅशलेस चालतो, ती यादी मात्र घरूनच बघून निघा.

कोल्हापूरबद्दल थोडक्यात सांगते. सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय, विमानतळ, केएमटीच्या शहर बसेस, रात्रीची महालक्ष्मी, १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर. चारही गावांत सोयी इथेच सर्वात जास्त आणि माणसंही मोकळी. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं, आणि महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. घर कोरडं राहिलं तरी रस्ता बंद म्हणजे मुलांना पोचता येत नाही. इथे जागा बघताना एकच प्रश्न विचारत राहा, "२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" भिंतीवरची खूण लोक बोट लावून दाखवतात. पूररेषेचा नकाशाही बघा, आणि सुतारवाड्यासारख्या नदीलगतच्या भागांत स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

दापोलीवर मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण मुंबई-पुण्याच्या आमच्या वयाच्या लोकांना सर्वात जास्त ओढ तिचीच दिसते. ओढ समजण्यासारखीच. समुद्र जवळ, तरी गाव उंचावर, म्हणून उन्हाळा सुसह्य. कोकण कृषी विद्यापीठाची हिरवी गर्द झाडी आहे. मे महिन्यात प्लॉट बघायला आलेला माणूस इसार देऊनच परततो. आम्ही जुलैत पोचलो. खेड स्टेशनवर उतरून दापोली तीसेक किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, समोरचं काही दिसत नव्हतं. गावाबाहेरच्या ज्या बंगल्यांच्या योजना बघितल्या, तिथे बहुतेक दारांना कुलपं होती. मालक येतात मे महिन्यात आणि नाताळात. बाकीचे महिने एका बंगल्यात दिवा, पुढचे सगळे अंधारात. तिथे राहणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "हे गेल्यापासून पावसाळ्यात मी मुलीकडे जाते." मला तेवढं पुरलं.

दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, पण मोठ्या आजाराला चिपळूणकडच्या डेरवणचं वालावलकर रुग्णालय किंवा त्याहून लांब जावं लागतं, तेही घाटातून. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावरची घरं आणि बागा उद्ध्वस्त झाल्या, अनेक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. ज्यांना कोकणातच राहायचं आहे त्यांनी गावाच्या मधोमध, बाजारपेठेला लागून, आजूबाजूला बाराही महिने माणसं राहतात अशीच जागा घ्यावी. आणि स्वस्त जमीन दाखवली तर सातबारा वकिलाकडून तपासून घ्या. शेतजमीन विकत घ्यायला आपल्याकडे शेतकरी असावं लागतं, आणि "नंतर बिगरशेती करून देऊ" या तोंडी शब्दावर आयुष्याची पुंजी लावू नका.

खर्चाचं सांगायचं तर, एसटीत ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ मध्ये निम्मं तिकीट, महिलांना सरसकट निम्मं. ओळखपत्र हाताशी ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे, आरक्षण करताना तो मागा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं कार्ड मिळतं. ते निघण्याआधी काढा आणि नव्या गावातलं कुठलं रुग्णालय त्या यादीत आहे ते बघा.

आम्ही सदरबझारमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावरची जागा भाड्याने घेतो आहोत. ठाण्याचं घर विकत नाही. करार येत्या मे महिन्यात सुरू करणार आहोत, म्हणजे पाण्याची टंचाई आणि पूर्ण पावसाळा दोन्ही त्यात येतील. नळाला पाणी किती वेळ येतं, वीज गेली तर लिफ्टला जनरेटर आहे का, आणि घरकामाला व गरज पडली तर रात्री सोबतीला बाई मिळते का, हे करारावर सही करण्यापूर्वी त्याच इमारतीतल्या वयस्कर बायकांना विचारून घ्या. त्या दुपारी चारनंतर खाली बसलेल्या असतात.