तुम्ही विचारलंत म्हणून: कायम नसलेल्याला हक्क असतात का?

मी सोलापूरच्या पूर्वभागात पीएफचे आणि पेन्शनचे फॉर्म भरून देते. काम झालं की समोरचा माणूस उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतो, "ताई, मी काय तिथं परमनंट नाही. मग मला कसला हक्क?" कुणी एमआयडीसीत कंत्राटदाराकडे असतो, कुणी ॲपवरून जेवण पोचवतो, कुणी शाळेचे युनिफॉर्म नगावर शिवते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारलं गेलंय. म्हणून एकदा नीट लिहूनच ठेवते.

हक्क आहे. कायद्यातले बरेचसे मूळ हक्क कायमपणाला बांधलेले नाहीत, कामाला बांधलेले आहेत. किमान वेतन चार दिवसांसाठी आलेल्यालाही लागू आहे. आस्थापनेला पीएफ लागू असेल आणि पगार १५,००० च्या आत असेल, तर कामाच्या पहिल्या दिवसापासून पीएफ कापलाच पाहिजे, मग तुम्ही कंत्राटदारामार्फत आलेले का असेनात. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते. अडतं ते वेगळ्याच जागी. तुम्ही तिथं काम केलंत हे दाखवणारा कागद तुमच्यापाशी नसतो, आणि तो तुमच्या हाती लागू नये याची बहुतेक ठिकाणी पद्धतशीर काळजी घेतलेली असते.

हे मी विडीच्या घरात शिकले. आमच्या घरात तेलुगू, दारात मराठी, आणि दोन्हीकडे विड्यांचा वास. अम्मा रात्री पान भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचा फर्मा ठेवून एकेक पान कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा, आणि तोंड नखाने दुमडून बंद. मजुरी दर हजार विड्यांवर. कारखान्यात नेल्या की तपासणारा मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्या छाटीचे पैसे नाहीत, आणि पान कमी भरलं तर तेही तिच्याच माथी.

आता विचार करा. ती कारखान्यात बसत नव्हती. तिला हजेरी नव्हती, भोंगा नव्हता, कामाची वेळ नव्हती. मालकांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं, की या बायका घरी बसून फावल्या वेळात वळतात, त्या आमच्या कामगारच नाहीत. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने ते मोडून काढलं. घरी माल नेऊन वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली. तिला भरपगारी रजा आली, आणि सहा महिने काम झालेल्याला सबळ कारण आणि महिन्याची नोटीस किंवा तेवढी मजुरी दिल्याशिवाय काढता येणार नाही असं ठरलं. पान कसं दिलं, छाट किती काढली, याच्या तंट्यासाठीही त्यात सोय होती. पुढे पीएफ आला तेव्हा मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८५ साली न्यायालयाने सांगितलं, की घरी विडी वळणारीही पीएफच्या कायद्याखाली कामगारच आहे. आज घरून काम करणाऱ्या कुणालाही "तुम्ही आमचे नाहीत" असं ऐकवलं जातं, तेव्हा मला हा निकाल आठवतो.

पण कायदा झाल्यावरही आमच्याच बोळात दोन तऱ्हेच्या बायका होत्या. अम्माकडे कारखान्याचं पासबुक होतं. पान किती दिलं, तंबाखू किती, विड्या किती आल्या, कापलं किती, सगळं रकान्यात. पलीकडची एक अक्का मात्र दुसरीच्या कार्डावर वळायची. तेच पान, तोच तंबाखू, तीच पाठदुखी. अम्माचा पीएफ जमला, पेन्शन लागलं. अक्काच्या नावावर काहीच नाही. तिचे कष्ट दुसरीच्या रकान्यात जमा होत गेले, आणि त्या दुसरीनेही काही लबाडी केली नव्हती, तिच्या घरात हात कमी होते इतकंच.

(पेन्शन म्हणजे तरी किती? २०१४ पासून पीएफच्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या विडीवाल्या बायकांचं बहुतेक त्याच्याच आसपास असतं. उभा जन्म वाकून काम केलेल्या बाईला हजार रुपये. याचा राग मला रोज येतो.)

जिच्याकडे कागद आहे, तिचाही कागद बोलतोच असं नाही. कारखान्याच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग, जन्मतारीख अंदाजे १ जानेवारी किंवा १ जून. एवढ्यावर क्लेम परत येतो. म्हणून म्हणते, नोकरी चालू आहे तोवर नाव जुळवून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी अनेकदा मालकाची सही लागते, आणि तोवर कारखान्याला कुलूप लागलेलं असतं.

यंत्रमागाचं थोडक्यात सांगते. पीएफ वीस कामगारांपासून लागू होतो, म्हणून एकाच शेडला दोन-तीन नावांच्या पाट्या लागतात आणि प्रत्येक पाटीखाली माणसं वीसच्या आत. कायदा मात्र म्हणतो, की शाखा आणि खाती वेगळी दाखवली तरी आस्थापना एकच. मालक एक, वीज एक, मुकादम एक हे दाखवता आलं तर पाट्या वेगळ्या असून भागत नाही. पण ते दाखवायला पुन्हा पुरावाच लागतो.

आता नव्या संहितांबद्दल सगळे विचारतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कायदाही त्यांत गेला. मला त्यांतलं सगळं पटलेलं नाही. कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची अट आता कारखान्यात तीनशे कामगार असतील तरच आहे. त्यामुळे सोलापुरातले बहुतेक कारखाने त्यातून सुटतात. पण कामाला येणाऱ्या गोष्टी सोडू नका. प्रत्येकाला नेमणूकपत्र दिलं पाहिजे. ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, आहे, पाच वर्षं थांबायची गरज नाही. काम सुटलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब मिळायला हवा. मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, मजुरी दिली हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. तुम्ही फक्त काम केलंत एवढं दाखवायचं.

ते कसं दाखवायचं? रोख पगाराला शक्य तिथं नाही म्हणा, खात्यावर मागा. नाहीच जमलं तर मुकादमाचे "उद्या दोन पाळ्या कर" असे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. गेटपासचा, हजेरीच्या वहीचा फोटो ठेवा. दर महिन्याला पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून बघा. पगारातून कापलेली रक्कम भरलीच नाही, असं मी पुष्कळदा पाहते आणि कामगाराला ते काम सुटल्यावरच कळतं.

राहिली ॲपवाली मुलं. त्यांना एक मालकच सापडत नाही. आज या ॲपवर, उद्या त्या. म्हणून लोक म्हणतात, यांचं काही करता येणार नाही. मला हे मान्य नाही, कारण हमालांचंही असंच होतं. कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डात जाऊन बघा. एकच हमाल सकाळी एका अडत्याचा ट्रक उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा भरतो. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा करून याचं उत्तर दिलं. हमाल या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे नोंदवायचा, व्यापारीही नोंदवायचा. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची वरची रक्कम, मंडळाकडे भरायची, आणि त्या लेव्हीतून हमालाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा. मालक बदलत राहिला तरी हमालाचं खातं एकच.

ऑर्डर पोचवणाऱ्या पोराला यापेक्षा वेगळं काय हवंय? त्याच्या कामाची नोंद तर सेकंदासकट कंपनीच्या सर्व्हरवर आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के घेण्याची तरतूद आहे, पण ती मुलांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. राजस्थानने २०२३ साली या मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने मागे राहायचं काही कारण नाही. दर ऑर्डरमागे लेव्ही, ती पोराच्या नावावर, आणि त्याचा ॲपवरचा आयडी बंद करायचा असेल तर आधी लेखी कारण. संघटनेच्या बैठकीत, आमदार दारात आले तर त्यांच्यापुढे, मी हेच मागते आहे. तुम्हीही मागा.