अकरा गुंठे हरळी

मागच्या मे महिन्यात अण्णा, माझे वडील, पहिल्यांदाच आमच्याकडे आले, म्हणजे अमेरिकेत टेक्ससमधल्या मॅकिनीला, डॅलसच्या उत्तरेला. जेटलॅगमुळे पहाटे चारलाच उठून बसले होते, उजाडल्या उजाडल्या मागच्या दारानं बाहेर गेले. मी कॉफी घेऊन गेलो तर लॉनच्या कडेला उकिडवे बसलेले, हातात एक उपटलेली काडी, तिचं पेर न् पेर निरखत होते.

"अरे, ही तर हरळी आहे."

म्हटलं हो अण्णा, इथं बर्म्युडा म्हणतात.

"अन् तू हिला पाणी देतोस?"

आता याला काय उत्तर द्यायचं. परभणीकडच्या माणसाला हरळी म्हणजे काय हे सांगायला नको. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात खोल नांगरट झाली की घरातली सगळी पोरं रानात काश्या, म्हणजे हरळीची जमिनीतली मुळं, वेचायला, बांधावर ढीग लावायचे, वाळले की पेटवायचे, आणि एवढं करून एक काशी जरी ढेकळात राहिली तरी पुढच्या पावसाळ्यात ती तुमच्या छातीवर बसलेलीच. अण्णांचं निम्मं आयुष्य हरळी अन् कुंदा काढण्यात गेलं आणि त्यांचा मुलगा सातासमुद्रापार येऊन तीच हरळी विकत घेऊन लावतो, खत घालतो, वर तिला कापायला गोल्फ कोर्सवरचं मशीन आणतो.

थोडं माझ्या बाजूनं बोलायचं तर ही अगदी आपल्या बांधावरची हरळी नाही. टिफवे ४१९ नावाचा हायब्रिड आहे, जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन म्हणून शास्त्रज्ञ होते त्यांनी काढलेला, १९६० साली बाजारात आला. आपल्या हरळीचा आफ्रिकेतल्या बारीक पात्याच्या हरळीशी झालेला संकर. याला बी धरत नाही त्यामुळे पेरता येत नाही, गवताच्या गालिच्याच्या गुंडाळ्या आणून अंथरायच्या. पण स्वभाव तोच. घर, ड्राइव्हवे वगैरे सोडून माझं लॉन बारा हजार चौरस फूट भरतं, म्हणजे बरोबर अकरा गुंठे, आणि हा हिशोब मी इथं कोणाला सांगितला तर कोणाला कळत नाही, अण्णांना पहिल्या सेकंदाला कळला.

पहिली तीन वर्षं मी सगळ्यांसारखं साधं रोटरी मशीन वापरलं, अडीच इंचावर. वरून हिरवं दिसायचं पण जरा खाली कापलं की आत सगळ्या तपकिरी काड्या, कारण हरळी उंच ठेवली की पानं फक्त शेंड्याला राहतात. मग पलीकडच्या गल्लीत एकाचं लॉन बघितलं, अर्ध्या इंचावर कापलेलं, सतरंजीसारखं, आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

तसं कापायला रील मशीन लागतं. फरक असाय की रोटरीचं पातं गवताला जोरात फटका मारून तोडतं, टोक फाटतं, दुसऱ्या दिवशी ते पांढुरकं दिसतं. रील मशीनमध्ये आडवा फिरणारा पात्यांचा रूळ असतो आणि त्याच्या खाली एक स्थिर पट्टी, बेडनाइफ म्हणतात तिला, गवत त्या दोन्हींच्या मध्ये सापडून कात्रीसारखं कापलं जातं. ही कल्पना इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगची, १८३० सालची, कापड गिरणीत कापडावरची लव कापायचं मशीन बघून त्याला सुचलं की हेच गवतावर चालवावं. मी हे सगळं अण्णांना कौतुकानं सांगत होतो, त्यांनी मशीन तिरपं करून खाली बघितलं आणि म्हणाले, "कडबाकुट्टी आहे की." झालं. दोनशे वर्षांचा इतिहास दोन शब्दांत.

मशीन माझं टोरोचं ग्रीन्समास्टर १०००, २१ इंची, एका गोल्फ कोर्सवरून रिटायर झालेलं, सेकंडहँड घेतलं. वजन नव्वद-शंभर किलो, रिव्हर्स नाही, वळवायला हँडल दाबून पुढचा भाग उचलायचा. २१ इंचातला इंचभर ओव्हरलॅपमध्ये जातो, त्यामुळे अकरा गुंठे एकदा कापायचे म्हणजे साधारण सव्वादोन किलोमीटर चालणं, उभं-आडवं दोन्ही करायचं तर साडेचार. हे आठवड्यातून दोनदा, जूनमध्ये तर दर तीन दिवसांनी. लोक विचारतात एवढं मोठं लॉन, बसून चालवायचं का नाही घेत, तर बायकोनं मला सरळ सांगितलंय की जिमचे पैसे वाचतात तेवढंच बरंय.

पण मशीन आणलं की लॉन सुधारतं हा माझा गैरसमज होता. पहिल्याच कटिंगला ठिकठिकाणी टक्कल पडलं, मधेमधे गवताचे पुंजके तसेच. रील खाली कापतं तेव्हा जमिनीचा प्रत्येक उंचवटा तासला जातो आणि प्रत्येक खड्ड्यावरून मशीन नुसतं तरंगत जातं. आणि आमच्या भागात सपाट जमीन हे प्रकरणच नाही, कारण हा सगळा ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा, ह्यूस्टन ब्लॅक नावाची माती, ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, ऑगस्टमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. लोक इथं घराच्या पायालासुद्धा पाणी देतात, खरंच, पाया हलू नये म्हणून. अण्णांनी मूठभर माती भिजवून वळून बघितली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला, "आपलंच काळं रान आहे रे." जातकुळी तीच, दोन्हीकडची काळी कापसाची जमीन.

म्हणून खरं काम लेव्हलिंगचं. मार्चमध्ये हरळी झोपेतून उठायच्या आधी एकदम खाली कापून घ्यायची, सगळी वाळकी काडी बाहेर. मग मे-जूनमध्ये ती जोरात असते तेव्हा मशीननं मातीच्या गुल्ल्या काढून भोकं पाडायची आणि वर वाळू. पाव इंच थरासाठी अकरा गुंठ्याला नऊ-साडेनऊ क्युबिक यार्ड वाळू लागते, ट्रक ड्राइव्हवेवर ओतून जातो आणि पुढचे दोन दिवस तुम्ही अन् एकचाकी गाडा. अण्णा आले त्या आठवड्यातच ट्रक आला होता. "काळ्या रानात वाळू? कुणी शिकवलं तुला?" मला माहीत होतं हे ऐकायला मिळणार. मी समजावलं की मिसळायची नाही, मिसळली तर विटा होतील, फक्त वर पसरायची आणि लोखंडी फळीनं ओढत ओढत खड्ड्यांत बसवायची, पानांची टोकं वर राहिली पाहिजेत. ते काही पटलं नाही पण फळी त्यांनी माझ्या हातातून घेतली. साठ वर्षं कुळव, फळी मारलेला माणूस, त्यांना चढ-उतार डोळ्यांनी दिसतो, मी लेझर लेव्हल शोधत होतो तोपर्यंत त्यांनी नळाजवळचा कोपरा संपवला होता. तीन आठवड्यांत वाळू दिसेनाशी झाली. हरळीला काय, पुरलं तरी वरच येणार.

हे एकदा करून भागत नाही. माझा हा तिसरा उन्हाळा आहे आणि पश्चिमेची बाजू अजून लाटालाटांची आहे, दर वर्षी भेगा पडतात, दर वर्षी थोडं हलतं. ज्यांना एका सीझनमध्ये फोटोतलं लॉन पाहिजे त्यांनी या माती-मशीनच्या नादी लागू नये, सरळ रोटरीवर दीड इंच ठेवावं, काही वाईट दिसत नाही.

रील सेट करणं हा दुसरा छळ. स्पार्क प्लगची वायर काढायची (हे विसरू नका, बोटं परत मिळत नाहीत), रूळ हातानं हळूहळू फिरवत पेपरची पट्टी आत सरकवायची, सगळ्या रुंदीत कचाकच कापली गेली पाहिजे. घट्ट झालं तर पातं घासून तापतं, सैल झालं तर गवत दुमडून निसटतं. मी घाबरून नेहमी जास्तच आवळायचो. अण्णांनी ऐकून सांगितलं, "लई आवळलंय, रडतंय ते." पाव आटा सैल केला आणि पेपर अलगद कापला गेला. एप्रिलमध्ये मी एक पराक्रम केला होता, स्प्रिंकलरचं डोकं वर राहिलं होतं त्यावरून गेलो, बेडनाइफला खाच पडली, त्यानंतर प्रत्येक पट्ट्यात गवताची एक बारीक शेंडी राहायला लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खाच दगडानं घासली आणि रूळ उलटा फिरवत त्याला खरखरीत पेस्ट लावली. याला बॅकलॅपिंग म्हणतात, अण्णांच्या भाषेत जात्याला टाकी लावणं. शेंडी बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही, नवीन बेडनाइफ घ्यावीच लागणार आहे.

खताचा हिशोब मात्र मी त्यांच्यापासून लपवायला हवा होता. महिन्याला साधारण सहा किलो युरिया, पाच महिने. ते गप्प बसले, मग म्हणाले, "एवढ्या रानात एवढ्या खतावर माझा कापूस निघाला असता." आणि त्यावर मी पुन्हा वाढ रोखायचं औषध मारतो, ट्रायनेक्झापॅक म्हणून, त्यानं गवत उंच न जाता आडवं दाट होतं आणि कटिंग तीनऐवजी पाच दिवसांवर जाते. यावर मात्र ते हसले नाहीत, आपल्याकडे कापूस फार माजला की मेपिक्वाट मारतात तसलाच प्रकार आहे, त्यांना लगेच कळलं. फक्त एवढंच विचारलं, "वाढावं म्हणून खत, वाढू नये म्हणून औषध, विकायचं काय त्याच्यात?"

जुलैमध्ये एक दिवस त्यांनी मला बजावलं, एसीच्या कॉम्प्रेसरमागं जो तुकडा आहे तिकडं मशीन नेऊ नको, औषधपण मारू नको. मला वाटलं मशीन तिथं वळत नाही म्हणून म्हणत असतील, मी सोडून दिला.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली दूर्वा आण. मी वाटी घेऊन बाहेर गेलो. अकरा गुंठे हरळी, अर्ध्या इंचावर कापलेली, तीन पानांचा एक अंकुर सापडेल तर शपथ. गुडघ्यावर बसून दहा मिनिटं शोधत होतो, आणि पलीकडून अण्णा कॉम्प्रेसरमागून येताना दिसले, हातात ओंजळभर दूर्वा, चांगल्या वीतभर लांब. आत जाऊन त्यांनी एकवीस मोजून बाजूला ठेवल्या, उरलेल्या ओल्या पेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, उद्याच्यासाठी.