मशीनच कापतं ना सगळं?

"ताई, मशीनच कापतं ना सगळं? मग एवढे पैसे कशाचे?"

आठवड्यातून तीन-चार वेळा तरी हा प्रश्न मला येतोच. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. लेझर मशीनच्या काचेच्या झाकणाखाली लाल ठिपका फिरताना त्याने पाहिलेला असतो, बघता बघता अक्षरं सुटून आलेली असतात, आणि मी नेमप्लेटचे १,८५० रुपये सांगते. हिशोब लागत नाही, ते साहजिक आहे. गडबडीत असले की मी "लाकडाचे भाव वाढलेत हो" एवढं बोलून वेळ मारून नेते. भाव वाढलेत हे खरंच, पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. परवा एका काकांनी फार मायेने विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. रात्री मला ते लागून राहिलं, म्हणून आज सवडीने लिहिते.

आमचे धायरीला दोन गाळे आहेत. एकात लेझर मशीन, दुसऱ्यात अण्णांचं सुतारकामाचं टेबल. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात सुतारकी पिढ्यांची. आजोबा इंदापूर तालुक्यात गाडीची चाकं आणि औतं करायचे, सगळी बाभळीची. अण्णा पुण्यात आले आणि फर्निचरकडे वळले. मी मशीन घेतलं २०१६ साली. त्या दिवशी अण्णांनी मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि विचारलं, "हे लाकूड ओळखतं का गं?" ओळखत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

तुम्हाला दिसतो तो लाल ठिपका नुसता जागा दाखवण्यासाठी असतो. खरा कापणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही. काचेच्या लांब नळीतल्या कार्बन डायऑक्साइड वायूतून तो निघतो, तीन आरशांवरून वळतो आणि भिंगातून एका बिंदूवर येतो. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, चामडं, कागद, अॅक्रिलिक हा किरण शोषून घेतात आणि जळून किंवा वितळून जातात. चकचकीत धातू मात्र तो परतवून लावतो. म्हणून स्टीलच्या बाटलीवर नाव कोरायला कोणी आलं की मी त्यांना फायबर लेझरवाल्याकडे पाठवते. हा कार्बन डायऑक्साइडचा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी. कुमार पटेल यांनी शोधला. पटेलांचा जन्म बारामतीचा, १९३८ सालचा, आणि इंजिनिअरिंग त्यांनी इथे पुण्यात, इंजिनिअरिंग कॉलेजात (सीओईपीत) केलं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हातातला रंधा खाली ठेवून थोडा वेळ मशीनकडे पाहत राहिले. तेव्हापासून मशीन त्यांच्यासाठी 'आपल्याकडचं' झालं.

आता त्या १,८५० रुपयांकडे येते. त्या नेमप्लेटमध्ये मशीन चाललं ११ मिनिटं. आणि त्या ११ मिनिटांतही मी तिथून हलत नाही. किरणाच्या टोकाशी हवेचा झोत सोडणारी एक नळी असते. ती निसटली तर ठिणगीची ज्योत व्हायला वेळ लागत नाही. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एमडीएफने, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीने, पेट घेतला होता. मी शेजारीच उभी होते, म्हणून ओल्या फडक्यावर निभावलं.

जास्त वेळ जातो तो त्या ११ मिनिटांच्या आधी आणि नंतर.

आधी येतं नाव. देवनागरी कापण्यासारखं सुख नाही, कारण आपल्याकडे शिरोरेषा आहे. इंग्रजी नाव कापलं की सुटी अक्षरं हातात येतात आणि एकेक मोजून चिकटवावी लागतात. आपलं 'देशमुख' शिरोरेषेला धरून अख्खं उचलता येतं. 'श', 'ग', 'ण' यांचे डावे भाग तर केवळ त्या रेषेला लोंबकळतात. पण थ, ध आणि भ आले की खेळ बदलतो. या तिघांच्या डोक्यावर रेषा तुटलेली असते. 'माधव' कापलं की 'मा' एका हातात आणि 'धव' दुसऱ्या हातात. मग कुठे तरी बारीक सांधा द्यायचा, तोही असा की वाचणाऱ्याच्या डोळ्यांना टोचू नये. अनुस्वार तर सुटाच. 'शिंदे', 'सावंत', 'कांबळे', सगळ्यांची टिंबं मशीनच्या जाळीतून खाली पडतात आणि मी चिमट्याने गोळा करते. टिंब किंचित डावीकडे सरकलं तरी नाव वाकडं दिसतं. 'शिंदे'मध्ये ते वेलांटीच्या कुशीत नेमका कुठे बसवायचा, हे मी दरवेळी नव्याने ठरवते.

माझी पहिली मोठी ऑर्डर याच अडाणीपणात वाया गेली. एका सोसायटीच्या २४ पाट्या होत्या. स्क्रीनवर अक्षरं छान जोडलेली दिसत होती. पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा आपापला तुकडा असतो आणि ते तुकडे एकमेकांवर नुसते चढलेले असतात. वेल्ड करून त्यांची एक सलग आकृती केली नाही, तर मशीन प्रत्येक चढलेल्या जागी आडवं-उभं कापत जातं. मी वेल्ड केलं नव्हतं. जाळी उचलली तेव्हा खाली अक्षरांचा चुरा होता. सगळी शीट बाद झाली. आता प्रत्येक नाव मी आधी मोठं करून बाह्यरेषेत पाहते, एकेक सांधा. चार शब्दांच्या पाटीला अर्धा तास सहज जातो. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर कोरलच्या (अक्षरं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या आवृत्तीत टाकला तर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, ती दुरुस्त करायची ती वेगळीच.

शिवाय शुद्धलेखन. घरांची नावं कापताना सगळ्यात जास्त येणारं नाव म्हणजे 'आशीर्वाद', आणि दहातले सात-आठ जण ते 'आशिर्वाद' असं पाठवतात. मी फोन करून विचारते. बहुतेक जण म्हणतात, "बरं झालं सांगितलंत." एक गृहस्थ मात्र थोडं थांबून म्हणाले, "ताई, आमच्या वडिलांनी गावच्या फाटकावर असंच रंगवलं होतं. र्‍हस्वच राहू द्या." मी र्‍हस्व कापलं. शुद्धलेखनाच्या बाबतीत मी हट्टी आहे, पण ते फाटक त्यांचं होतं. असा एक फोन म्हणजे १०-१५ मिनिटं. बिलात त्याची ओळ नसते.

मग लाकूड. ते अण्णांचं खातं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये त्यांच्याबरोबर एकदा जाऊन बघा. फळीवर बोटाच्या पेराने टकटक करतात, टोक डोळ्यासमोर धरून पीळ बघतात, वास घेतात. मला त्यांनी शिकवलं की पाइनवर बारीक कोरीव काम घ्यायचं नाही. त्याची एक रेघ मऊ, एक कडक. किरण मऊ रेघेत खोल जातो, कडक रेघेवर उथळ राहतो, आणि अक्षरावर पट्टे उमटतात. प्लायच्या पोटात कुठे गोंदाची गाठ असेल तर किरण तिथे अडतो, बाकी सगळं सुटतं आणि तेवढंच धरून राहतं. मशीनला हे कळत नाही. ते सांगितलेल्या वेगाने पुढे जातं.

सगळ्यात मोठा धडा मला मखरांनी दिला. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या सजावटीसाठी लोक पुठ्ठ्याकडे, लाकडाकडे वळले. आमच्यासारख्यांना तोच मोठा हंगाम झाला. खिळा नाही, फेव्हिकॉल नाही, नुसत्या खाचांत खाचा अडकवून उभं राहणारं, विसर्जनानंतर सोडवून पलंगाखाली सपाट ठेवता येणारं मखर मी काढलं. खाचांवर त्याचा सगळा जीव. खाच अर्ध्या मिलिमीटरने सैल झाली तर मखर डुलतं, तेवढीच घट्ट झाली तर बसतच नाही. आणि बाजारात '३ एमएम' म्हणून मिळणारं एमडीएफ कधीच बरोबर ३ नसतं. मी व्हर्नियरने मोजते, एक शीट २.८ भरतं, दुसरं ३.२. त्यात किरण जातो तेवढं लाकूड धूर होऊन जातं. माझ्या मशीनवर ती फट साधारण ०.१५ मिलिमीटरची आहे, म्हणून ती आधी हिशोबात धरावी लागते.

हे सगळं जमवून मी मे महिन्यात २२ मखरं कापून ठेवली. कोरडी हवा, खाचा अशा बसत होत्या की हलका टचकन आवाज यायचा. ऑगस्टच्या शेवटी न्यायला लोक आले. जुळवायला घेतलं तर एकही बसेना. तीन महिने पावसाळी हवा पिऊन एमडीएफ फुगलं होतं, जाडी वाढली होती आणि खाच तेवढीच राहिली होती. जोर लावला की कड फुलायची. गणपती दोन आठवड्यांवर आलेले. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी बारीक कानस आणि पॉलिशपेपर घेतला आणि बसले. २२ मखरांच्या सगळ्या खाचा आम्ही दोघांनी रात्री जागून हाताने रुंद केल्या. एकही मखर परत आलं नाही. आता प्रत्येक लॉट आला की आधी मी एक फणी कापते, २.८ पासून ३.४ पर्यंतच्या खाचांची. कोणती खाच धरते ते बघते आणि मगच मखर कापायला घेते. तयार भागांच्या कडांना सीलरचा हात देते. मखरं जुलैच्या आधी कापत नाही.

'नंतर'चं काम थोडक्यात सांगते. कापताना धुराचे डाग पडू नयेत म्हणून शीटवर कागदी टेप लावलेली असते. ती प्रत्येक अक्षरावरून नखाने सोलायची. कडेची काजळी पुसायची, पॉलिशपेपर मारायचा, गरज असेल तिथे लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिशचे तीन हात आणि प्रत्येक हातानंतर वाळवण. गुरुवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडे बरेचदा वीज नसते, तेव्हा दिवसभर फक्त हेच चालतं. सागाला अण्णा अजून चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश फडक्याच्या बोळ्याने लावतात. पावसाळ्यात ते वाळायला दोन दिवस जास्त लागतात आणि आम्ही ते लागू देतो.

काही कामं मी घेतच नाही, आणि त्याचाही थोडा भार दरावर येतो. सनबोर्ड कापून मागणारे रोज येतात. तो पीव्हीसीचा फेस असतो. लेझरखाली तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. मशीन गंजतं ते गंजतंच, पण गाळ्यात माझ्याबरोबर दोन मुली काम करतात, त्यांच्या छातीत तो जातो. "एवढंसं तर आहे, ताई," असं म्हणतात. एवढंसं असलं तरी नाही.

इंटरनेटवर पाटी ४०० रुपयांनाही मिळते, मला माहीत आहे. ज्यांना तेवढंच हवं असतं त्यांना मी अडवत नाही. कोणाची भाड्याची खोली असते, कोणाला वर्षभरापुरती हवी असते. पण तिच्याशी माझ्या पाटीची तुलना करताना मशीनची मिनिटं मोजू नका, एवढंच माझं मागणं आहे. मशीन दोन्हीकडे सारखंच चालतं.

काल कसबा पेठेतून एक बाई आल्या. त्यांचा वाडा पाडला, नवीन इमारत उभी राहते आहे. दिंडी दरवाजाच्या चौकटीचा अडीच फुटांचा तुकडा त्यांनी रिक्षातून आणला होता. जुना साग, वरून काळा पडलेला, एका कडेला तेलाच्या दिव्याने जळाल्याची खूण. "यावर आजेसासूबाईंचं नाव हवंय," म्हणाल्या. "वाड्यावर त्यांचं नाव कधी लागलंच नाही." नाव आहे भागीरथी. म्हणजे भ पहिलाच आणि थ शेवटी, बरोबर सांध्याच्या जागी.

अण्णांनी फळीवरून लोहचुंबक फिरवायला घेतलं. जुन्या लाकडात बुडालेले खिळे असे शोधावे लागतात, नाहीतर रंध्याचं पातं जातं. आत्तापर्यंत चार सापडलेत, त्यातला एक हाताने घडवलेला, चौकोनी डोक्याचा. तो त्यांनी बाईंना परत द्यायला डबीत ठेवलाय. जळकी खूण तशीच राहू द्यायची, हे त्यांनी मला न विचारताच ठरवलं.

बाईंनी दर विचारला. मी अजून सांगितलेला नाही. आधी खिळे निघू देत.